कापायचं तर मीच कापीन

माझ्या मावशीला घरचे आणि बाहेरचे सगळेच ‘खिळा’ म्हणायचे. हे नाव तिच्या धाकट्या बहिणीनं, म्हणजे माझ्या आईनं, लहानपणी ठेवलेलं. एकदा कुठे बसली की कुणाचा बाप आला तरी हलायची नाही, म्हणून खिळा. मावशीला त्याचा राग नव्हता. ‘‘खिळा आहे म्हणून घर भिंतीला टिकून आहे,’’ असं ती म्हणायची, आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, कात्री पुसत म्हणायचे, ‘‘हो, आणि माझा सदरा येताजाता त्यालाच अडकून फाटतो.’’

काकांचं केस कापायचं दुकान होतं. एकच खुर्ची, एकच आरसा, आणि वरच्या मजल्यावर घर. मावशी पाणीपुरवठा खात्यात होती. आमच्याकडचं पाणी डोंगरातल्या तलावातून लोखंडी पाइपनं खाली येतं. पाइपच्या बाजूनं रस्ता नाही, नुसती पायवाट आहे. कुठे घळीतून, कुठे झाडीतून, कुठे पायाखालून सरकणाऱ्या दगडगोट्यांवरून. तो पाइप रोज कुणीतरी चालत जाऊन तपासायचा, जोड गळतात का बघायचं, जाळीत अडकलेला पाला काढायचा, व्हॉल्व फिरवायचे. मावशीचं काम ते. ‘‘आमच्यात फरक एवढाच,’’ काका गिऱ्हाइकांना सांगायचे, ‘‘ती डोंगर पालथे घालते आणि मी डोकी.’’

मी शिकायला म्हणून काही वर्षं त्यांच्याकडे राहिले, त्यामुळे यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलंय. आधीचं काकांकडून ऐकलं.

त्या कामावर जाणारी मावशी पहिली बाई. रुजू झाली त्या दिवशी खात्यानं तिला जे बूट दिले, त्यातल्या एकातच तिची दोन्ही पावलं मावली असती. स्टोअरकीपर म्हणाला, ‘‘यापेक्षा लहान येत नाहीत. पुढे कापूस कोंबा.’’ बाई महिन्याभरात घरी बसेल, अशी त्याची खात्री होती. मावशीनं बूट त्याच्या टेबलावर परत ठेवले आणि समोरच्या बाकावर बसली.

‘‘मापाचे बूट येईपर्यंत मी इथेच आहे,’’ ती म्हणाली. ‘‘माझी हजेरी लावत जा.’’

ती खरंच बसली. रोज वेळेवर यायची, डबा खायची, वेळेवर जायची. वॉशर घ्यायला आलेला प्लंबर विचारायचा, इथे का बसलाय? मावशी त्याला सगळं सांगायची, अगदी कापसासकट. गोष्ट गावभर झाली. शेवटी तेव्हाच्या साहेबांनीच कंटाळून तिला बाजाराच्या मागच्या गल्लीत बूट शिवणाऱ्या आजोबांकडे पाठवलं, खात्याच्या खर्चानं. आजोबांनी कागदावर तिचं पाऊल आखून घेतलं आणि विचारलं, ‘‘किती दिवस घालणार आहेस?’’

‘‘नोकरी आहे तोवर.’’

‘‘मग जड होतील.’’

‘‘होऊ देत.’’

जाड चामड्याचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट झाले. तळ चिकटवलेला नव्हता, शिवलेला होता. झिजला की उसवायचा आणि नवा शिवायचा. पाठीवरची सॅक तिनं तंबू शिवणाऱ्या एका माणसाकडून करून घेतली, जाड कॅनव्हासची, खाली चामड्याचा तळ. जाकीट जुन्या बाजारात मिळालं, मेणकापडाचं. त्या जाकिटाला वर्षातून एकदा मेण लावावं लागायचं. त्या दिवशी घरात जेवायचं टेबल रिकामं व्हायचं, डब्यात मेण वितळायचं, मावशी फडक्यानं ते कापडात घासायची आणि आत मुरावं म्हणून गरम हवा मारायची. गरम हवेसाठी काकांचा केस वाळवायचा ड्रायर. खाली खुर्चीत गिऱ्हाईक ओल्या डोक्यानं बसलेलं आणि ड्रायर वर. काका जिन्यातून हाक मारायचे, ‘‘झालं का गं? इथे एकजण वाळायचा राहिलाय.’’

या वस्तूंवर तिची माया वगैरे होती असं मला कधी दिसलं नाही. घरी आली की बूट दारातूनच कोपऱ्यात भिरकावायची. पण ओले कधी ठेवायची नाही. चहा नंतर, आधी बुटांत वर्तमानपत्राचे बोळे.

तिची मुलगी, माझी ताई, डोंगरात हिंडणाऱ्यांचं सामान विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात नोकरीला लागली. पहिल्या पगारातून तिनं आईसाठी निळं जाकीट आणलं. मुठीत मावेल एवढं हलकं. मावशीनं ते उलटंसुलटं करून पाहिलं, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘‘छान आहे. बाजारात जाताना घालीन.’’

‘‘ते बाजारासाठी नाहीये, आई. डोंगरासाठीच बनवतात.’’

‘‘डोंगराला माहीत आहे का?’’

ताई त्यानंतर बरेच दिवस तिच्याशी तुटक बोलत होती. मला तेव्हा ताईची बाजू पटली होती, अजूनही पटते. मावशीला दुसरं काहीतरी बोलता आलं असतं. पण ते जाकीट ती बाजारात खरंच घालायची, ऊन असलं तरी.

मग खात्यात नवे साहेब आले. तरुण होते, शिस्तीचे, आणि माणूस वाईट नव्हता. त्यांच्या आधीच्या ठिकाणी जुना दोर तुटून एक कामगार खोल विहिरीत पडून दगावला होता. त्याला वर काढायला साहेब स्वतः हजर होते. इथे आल्याबरोबर त्यांनी हुकूम काढला: पाइपवर जाणाऱ्या सगळ्यांना नवं सामान मिळेल, आणि जुनं सगळं जमा करून सर्वांसमोर कापलं जाईल, म्हणजे परत कुणी वापरायला नको.

पंपघराच्या अंगणात सगळे जमले. स्टोअरकीपर मोठी कात्री आणि करवत घेऊन उभा. मावशी सगळ्यांत आधी पुढे झाली आणि आपला दोर साहेबांच्या पायाशी ठेवला.

‘‘दोराचं तुमचं बरोबर आहे,’’ ती म्हणाली. ‘‘हा मीच टाकणार होते.’’

‘‘बूट?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘बूट पायात आहेत.’’

‘‘सॅक? जाकीट?’’

‘‘ती कापायची नाहीत.’’

‘‘बाई, नियम सगळ्यांना सारखा आहे.’’

‘‘असू दे. कापायची वेळ आली तर मीच कापीन. तुमची कात्री नको.’’

मावशीच्या खालच्या टप्प्यावर पाइप तपासणारा एकजण होता, जाड्या. तो इतका काटकुळा होता की वाऱ्याच्या दिवशी लोक त्याला खिशात दगड ठेवायला सांगायचे, म्हणून नाव जाड्या. त्याचेही बूट त्याच आजोबांनी शिवलेले. त्यानं मान खाली घालून ते काढून दिले. कात्री चालेना. शेवटी करवतीनं कापावे लागले, आणि त्याला इतका वेळ लागला की साहेबांनी मध्येच घड्याळ पाहिलं. जाड्या मोज्यांवर उभा राहून बघत होता.

नवे बूट मावशीनं घालूनच पाहिले नाहीत, असं मात्र नाही. साहेबांनी दुसऱ्या दिवशी तिला शांतपणे सांगितलं, निदान वापरून तरी बघा. तिनं वापरले. ‘‘हलके आहेत,’’ ती घरी म्हणाली. ‘‘पाय दुखत नाहीत.’’ ताईचा चेहरा उजळला. पण काही आठवड्यांनी मावशी दगडगोट्यांच्या उतारावरून परत आली ती एक बूट तारेनं बांधून. तळ पुढून सुटला होता, बूट तोंड वासून बसला होता. तिनं तो तसाच साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी काही न विचारता नवी जोडी दिली. तीही तशीच परत आली.

‘‘हे मुळात दोन मोसमांसाठीच असतात,’’ साहेब म्हणाले. ‘‘मग नवीन येतात. उतार कठीण आहे, म्हणून जरा लवकर जातात. मी बदलून देतोय ना? यात वाईट काय आहे?’’

‘‘वाईट हे, की कुठे सुटायचं ते बूट ठरवतात,’’ मावशी म्हणाली. ‘‘मी कड्याच्या कडेला असताना ठरवतात.’’

दुसऱ्या दिवशी ती आपले जुने बूट घालून कामावर गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला पाइपवरून काढून तक्रारींच्या खिडकीवर बसवलं.

खिडकीवर ती पूर्ण जामानिम्यात जायची. जड बूट, मेणकापडाचं जाकीट, शेजारच्या खुर्चीवर सॅक. कचेरीत उकडायचं, मेण मऊ व्हायचं, आणि नळाला पाणी नाही म्हणून भांडायला आलेले लोक आधी नाक वर करून वास कसला येतोय ते शोधायचे. साहेब एकदा थांबून म्हणाले, ‘‘इथे बसून जाकिटाची काय गरज आहे?’’

‘‘तुम्ही म्हणाल तेव्हा वर जायला तयार असावं.’’

‘‘मी म्हणणार नाही, बाई.’’

‘‘बघू.’’

घरी मात्र वातावरण तापलं. ताईच्या दुकानात कुणीतरी तिच्या आईची नक्कल करून दाखवली होती. ती जेवताना म्हणाली, ‘‘लोक हसतात आई. बूटच आहेत ना शेवटी?’’

‘‘बूटच आहेत,’’ मावशी म्हणाली. ‘‘मग त्यांना ते कापायचे कशाला आहेत?’’

‘‘त्यांचा हेतू चांगला आहे.’’

‘‘मी कुठे वाईट म्हटलं? हेतू चांगला आहे आणि बूट वाईट आहेत.’’

ताई ताट घेऊन उठली. काका खाली जाऊन आधीच झाडलेलं दुकान परत झाडत बसले. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून लवकर आले तर मावशी स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली, बूट मांडीवर, आणि ती ते ब्रशनं घासत होती. बूट स्वच्छच होते. ती इतक्या जोरात घासत होती की मी दारातच थांबले. मला पाहून म्हणाली, ‘‘आज वरच्या ओढ्याला पाणी चढलं असेल गं. जाळीत पाला अडकला असेल.’’ एवढंच म्हणाली. डोळे लाल होते, पण मेणाचा धूर लागला म्हणायला त्या दिवशी मेण काढलेलंच नव्हतं.

थंडीच्या दिवसांत एकदा दुपारी जाड्या वॉकी-टॉकीवर उत्तर देईना. मावशीला खिडकीवर बसवल्यापासून वरचा टप्पाही त्याच्याच गळ्यात पडला होता. हवा बिघडत चालली होती, डोंगरावर काळं दाटून आलेलं. साहेब स्वतः खिडकीपाशी आले.

‘‘बाई, घळीच्या वरची वाट...’’

मावशी तोवर खाली वाकून बुटांचे बंद आवळत होती.

‘‘तुमचा नवा दोर घ्या,’’ ती म्हणाली. ‘‘आणि एक माणूस द्या, धाप न लागणारा.’’

‘‘मी येतो,’’ साहेब म्हणाले. स्टोअरकीपरला त्यांनी मागून स्ट्रेचर घेऊन यायला सांगितलं.

जाड्या त्यांना घळीच्या तोंडाशी सापडला, वाटेच्या खाली एका अरुंद कपारीत. एका बुटाचा तळ टाचेपासून लोंबत होता. घोटा भलत्याच बाजूला वळलेला, ओठ निळे. वॉकी-टॉकी आणखी खाली, दिसतही नव्हता. वाट अशी की एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाइप, मध्ये एक माणूस तिरका जाईल एवढीच जागा. स्ट्रेचर तिथवर येणं शक्यच नव्हतं. आणि गारा सुरू झाल्या. दोघांनी मिळून त्याला कसंबसं वाटेवर ओढून घेतलं.

मावशीनं आधी जाकीट काढून जाड्याच्या अंगात घातलं. मग सॅक उलटी करून रिकामी केली. खिशातून चाकू काढला आणि सॅकच्या तळाशी दोन्ही कोपऱ्यांत एकेक भोक पाडलं, मांडी जाईल एवढं. चामडं जाड होतं, चाकूवर तिला दोन्ही हातांनी जोर द्यावा लागला.

‘‘मावशी,’’ जाड्या कुडकुडत म्हणाला, ‘‘सॅक...’’

‘‘गप बस. पाय घाल.’’

लहान मुलाला झोळीत बसवावं तसं त्यांनी त्याला सॅकमध्ये बसवलं, दोन पाय दोन भोकांतून बाहेर. साहेबांनी वर पाइपच्या खांबाला दोर बांधला, दुसरं टोक मावशीच्या कमरेला. मावशीनं पट्टे खांद्यांवर घेतले आणि उठली. साहेब नंतर काकांना म्हणाले होते की ती उठली तेव्हा पट्ट्यांचा कर्र असा आवाज झाला आणि त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती चालायला लागली होती, आणि ते दोर सोडत राहिले.

मावशी मात्र हे सगळं वेगळंच सांगते. ‘‘वजनाचं काही नव्हतं,’’ ती म्हणते. ‘‘पण मेला बोलतो फार. वाटभर माझ्या कानात माफी मागत होता, बूट दिले म्हणून. मी म्हटलं, तू आता हलू नकोस, माफी खाली गेल्यावर माग.’’ वाट रुंद झाली तिथे साहेबांनी सॅक आपल्या पाठीवर घेतली. मावशीनं नको म्हटलं नाही. तिथून थोडं खाली स्टोअरकीपर स्ट्रेचर घेऊन उभा होता.

काही दिवसांनी साहेब काकांच्या दुकानात आले. रिकामी खुर्ची होती म्हणून बसले, आणि काकांनी सवयीनं त्यांच्या गळ्याभोवती कापड गुंडाळून कात्री चालवायला सुरुवात केली. मावशी जिन्याच्या पायरीवर बसली होती, मी तिच्या मागे.

‘‘मी तुम्हाला परत पाइपवर घ्यायला तयार आहे,’’ साहेब आरशातून म्हणाले. ‘‘जुन्या सामानासकट. फक्त एक सही करा, की हे तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर वापरताय.’’

‘‘सही नाही करणार.’’

‘‘अहो, तुमच्याच मनासारखं होतंय.’’

‘‘पाइप खात्याचा, वाट खात्याची, काम खात्याचं,’’ मावशी म्हणाली. ‘‘मग मोडलेला पाय तेवढा माझा एकटीचा कसा? जाड्याचा मोडला तो कुणाच्या जबाबदारीवर?’’

साहेबांचे कान लाल झाले. ‘‘मग मी तुम्हाला वर पाठवू शकत नाही.’’

‘‘मग मी खिडकीवर बसते.’’

साहेब ताडकन उठले आणि दाराकडे निघाले. काकांनी हळूच सांगितलं, ‘‘साहेब, अर्धंच डोकं झालंय.’’ साहेबांनी आरशात पाहिलं आणि परत येऊन बसले.

जाड्याला धड चालता येईना, पण कुबडी टेकत तो एक दिवस तक्रारींच्या खिडकीशी आला. उरलेला चांगला बूट त्यानं मावशीसमोर ठेवला. ‘‘तक्रार आहे,’’ तो म्हणाला. ‘‘लिहून घ्या.’’ दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टप्प्यावरचा माणूस आपली जोडी ठेवून गेला, मग तिसरा. कुणी घोषणा दिल्या नाहीत, काम बंद केलं नाही. घरात जे बूट असतील ते घालून लोक पाइपवर जात होते, आणि खिडकीशेजारी नव्या बुटांचा ढीग वाढत होता. पाण्याची तक्रार घेऊन येणारे लोक त्याला वळसा घालून रांग लावायचे. मावशीनं एकही बूट हलवला नाही आणि कुणाला हलवूही दिला नाही.

साहेबांनी तो ढीग शेवटी स्वतः उचलला. गाडीत भरून ते वरच्या कचेरीत घेऊन गेले आणि तिथल्या मोठ्या साहेबांच्या खोलीत ओतला, असं म्हणतात. ओतला की नीट मांडला हे मला माहीत नाही, ते मांडणाऱ्यांपैकी होते. पण पुढच्या मोसमात खात्यानं बाजारामागच्या गल्लीत काम दिलं. आजोबा तोवर गेले होते, त्यांची सून दुकान चालवत होती. तिनं प्रत्येकाचं पाऊल आखून घेतलं आणि शिवलेल्या तळाचे बूट केले. दोर दरवर्षी नवा, हे साहेबांनी सोडलं नाही, आणि ते बरंच झालं.

मावशी सही न करता पाइपवर परत गेली. साहेबांची एकच अट होती. दरवर्षी ते स्वतः तिचं सामान तपासणार.

‘‘तपासा की,’’ मावशी म्हणाली. ते शिवण ओढून बघायचे, आणि ती समोर हाताची घडी घालून म्हणायची, ‘‘जोरात ओढा, लाजू नका.’’

सॅकच्या भोकांवर तिनं चामड्याची ठिगळं लावली होती. स्टोअरकीपरनं एकदा बोलून पाहिलं, ‘‘आता तर ही फाटलीच, मावशी. आता टाका.’’

‘‘फाटली नाही,’’ मावशी म्हणाली. ‘‘कापली. शिवली. आता तू तुझं काम कर.’’

ताईनं त्या सगळ्या प्रकरणावर आईशी कधी चर्चा केली नाही. पण एकदा दुकानात एक गिऱ्हाईक चेन बिघडलेला तंबू घेऊन आलं, आणि दुकानाचा मालक नवा घ्या म्हणत असताना ताईनं त्याला आमच्या घरचा पत्ता सांगितला. मालकानं तिला झापलं. घरी येऊन तिनं ते रागारागानंच सांगितलं, जणू दोष आईचा होता. मावशीनं तंबूची चेन बसवून दिली आणि ताईला म्हणाली, ‘‘मालकाला सांग, आईनं गिऱ्हाईक परत पाठवलंय, तुमचंच आहे म्हणून.’’ ताईला हसू आवरलं नाही. दोघींचं त्यानंतरही भांडण व्हायचं, पण जेवणाचं ताट घेऊन कुणी उठायचं नाही.

मावशी निवृत्त झाली त्या दिवशी पंपघरात चहा होता. साहेब बोलले, जाड्या लांबलचक बोलला. मग नवा स्टोअरकीपर पुढे आला. बिचारा नुकताच लागला होता, त्याला कुणी काही सांगितलं नसावं. तो म्हणाला, ‘‘मावशी, बूट खात्याच्या खर्चानं झालेले आहेत. जाताना जमा करावे लागतील.’’

सगळ्यांचे कप हवेत थांबले. साहेब छताकडे बघू लागले.

‘‘खात्यानं पैसे दिले ते पहिल्या तळाचे,’’ मावशी म्हणाली. ‘‘तो त्या उतारावर झिजलाय. जा, गोळा करून आण.’’

‘‘आणि वरचं चामडं?’’

‘‘त्यात माझे पाय आहेत.’’

तिनं चहा संपवला, कप धुऊन ठेवला आणि बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी बंद आवळून ती पुन्हा वरच्या वाटेला लागली. आता तिला कुणी पाठवत नव्हतं, आणि अडवायची कुणाची छाती नव्हती.